चोर्नोबिलच्या झोनमध्ये चोरपावलांनी जाणारा लेखक : मार्कियान कामिशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी मार्कियान कामिशचं एक छोटंसं पुस्तक भेटेल त्याच्या हातात देत आले आहे. वाचून झालं की माणसं तेच ते प्रश्न घेऊन परत येतात. काही प्रश्न पुस्तकाबद्दल असतात, काही अणुभट्टीबद्दल, आणि बरेचसे ‘पण हा माणूस तिथे जातोच कशाला?’ या एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं असतात. माझ्या परीने उत्तरं एकत्र मांडते आहे.

कोण हा मार्कियान कामिश?

युक्रेनियन लेखक. जन्म १९८८ चा, कीव्ह शहरातला. म्हणजे १९८६ मध्ये चोर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा तो या जगात नव्हता, दोन वर्षांनी आला. त्याचे वडील स्फोटानंतरच्या कामावर गेलेले लिक्विडेटर. ते २००३ साली वारले, तेव्हा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होता. २०१० पासून हा मुलगा चोर्नोबिलच्या बंद प्रदेशात जायला लागला. सहलीच्या बसमधून नव्हे. परवाना नाही, गाईड नाही, पाठीवर सॅक आणि रात्रभराची पायपीट. असं अनेक वर्षं जाऊन येऊन त्याने २०१५ मध्ये ‘ओफोर्मल्यांदिया’ हे पहिलं पुस्तक लिहिलं.

लिक्विडेटर म्हणजे नेमकं कोण?

नाव ऐकून एखाद्या कंपनीचं दिवाळं काढणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. सोव्हिएत सरकारने ‘अपघाताच्या परिणामांचं निर्मूलन’ असा शब्दप्रयोग केला आणि ते निर्मूलन करायला पाठवलेल्या माणसांना हे नाव पडलं. असा दर्जा मिळालेली माणसं सुमारे ६ लाख. त्यात सैनिक होते, अग्निशमन दलाचे जवान होते, हेलिकॉप्टरचे वैमानिक होते, भट्टीखाली बोगदा खणणारे कोळसा खाणीतले कामगार होते, शास्त्रज्ञ होते, ट्रकचे ड्रायव्हर होते, या सगळ्यांना रांधून वाढणाऱ्या बायका होत्या.

छपरावरचं काम त्यातलं सर्वांत जीवघेणं. स्फोटात भट्टीतले ग्रॅफाइटचे तुकडे उडून शेजारच्या छपरांवर पडले होते. ते ढकलायला यंत्रं आणली, तर किरणोत्साराने यंत्रंच बंद पडली. मग माणसं चढवली. अंगावर घाईघाईत कापून बांधलेले शिशाचे पत्रे, हातात फावडं. धावत जायचं, एक-दोन फावडी भरून खाली भट्टीच्या खड्ड्यात फेकायची, भोंगा वाजला की मागे पळायचं. एकेकाची पाळी मिनिट-दोन मिनिटांची, काही ठिकाणी त्याहूनही कमी. त्यांना ‘जैव-रोबो’ म्हणत.

लिक्विडेटरांना नंतर एक पदक दिलं गेलं. त्याच्या मधोमध निळ्या मिन्यावर रक्ताचा एक लाल थेंब आहे आणि त्या थेंबातून अल्फा, बीटा आणि गॅमा किरणांच्या तीन रेषा आरपार गेल्या आहेत. शौर्यपदकांवर सहसा तारे, तलवारी, पानांच्या माळा असतात. या पदकावर दुखणंच कोरलं आहे. अशा माणसाचा मुलगा मोठा होऊन त्याच जागी जातो, हे लक्षात ठेवून पुस्तक उघडा. वडिलांच्या आठवणीने तो पानंच्या पानं भरत नाही. वडिलांनी जिथे काम केलं ती माती तो पायांनी मोजत राहतो, आणि मला ते जास्त भिडतं.

चेर्नोबिल की चोर्नोबिल?

चेर्नोबिल हा रशियन उच्चार, चोर्नोबिल हा युक्रेनियन. गाव युक्रेनमध्ये आहे आणि लेखक युक्रेनियनमध्ये लिहितो, म्हणून मी चोर्नोबिल लिहिते.

हे नाव एका रानवनस्पतीचं आहे. आर्टेमिसिया कुळातली ही कडवट वासाची वनस्पती तिथल्या बांधांवर, पडीक जागी उगवते. आपल्या ज्योतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला. गावही आजचं नाही. जुन्या बखरींत त्याचा उल्लेख ११९३ सालचा आहे. भट्टी आली ती तब्बल पावणेआठशे वर्षांनी.

त्या रात्री झालं काय?

२६ एप्रिल १९८६, पहाटे १ वाजून २३ मिनिटं. चौथ्या क्रमांकाच्या भट्टीवर एक चाचणी चालू होती: वीज गेली तर फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर भट्टी थंड ठेवणारे पंप काही काळ चालतील का? चाचणीसाठी भट्टी अतिशय कमी शक्तीवर आणली गेली, आणि या जातीची भट्टी कमी शक्तीवर फार बेभरवशाची असते. त्यात अणुप्रक्रिया आवरणाऱ्या तिच्या नियंत्रक कांड्यांची रचनाच सदोष होती. बंद करायचं बटण दाबल्यावर सगळ्या कांड्या एकदम खाली सरकल्या आणि पहिल्या काही क्षणांत शक्ती घटण्याऐवजी भडकली. झाकण उडालं, आग लागली, ती दहा दिवस धुमसत राहिली.

तीन किलोमीटरवरच्या प्रिप्यात शहरातले सुमारे ४९ हजार लोक दुसरा अख्खा दिवस नेहमीसारखे जगले. मुलं बाहेर खेळली. २७ तारखेला दुपारी बसगाड्या आल्या. कागदपत्रं आणि थोडं खाणं बरोबर घ्या, दिवे-गॅस बंद करा, खिडक्या लावा, असं सांगितलं गेलं. लोक दोन-तीन दिवसांचे कपडे घेऊन निघाले. ते शहर पुन्हा कधीच वसलं नाही.

‘झोन’ म्हणजे केवढा भाग? आत आहे तरी काय?

भट्टीभोवती आधी ३० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. पुढे किरणोत्सार जिथे जसा पडला त्याप्रमाणे हद्दी वाढत गेल्या. आज युक्रेनच्या बाजूचा झोन सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आहे, आणि सीमेपलीकडे बेलारूसने आपला वेगळा भाग राखून ठेवला आहे. १९८६ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं उठवली गेली आणि पुढच्या वर्षांत आणखी लाखो.

आपल्याकडे धरणात गाव गेलं की ‘गाव उठलं’ म्हणतात. कोयनेच्या काठची म्हातारी माणसं हा शब्द कशी उच्चारतात ते ज्याने ऐकलंय, त्याला झोन समजायला नकाशा लागणार नाही. फरक एवढाच की इथे गाव बुडालं नाही. घर, शाळा, विहीर, सफरचंदाची झाडं, सगळं तिथेच उभं राहिलं. फक्त माणसांना तिथे राहायची बंदी.

छायाचित्रांत दिसतो तो प्रिप्यातचा पिवळा आकाशपाळणा. १ मेच्या सणाला तो सुरू व्हायचा होता. त्यापलीकडे झोनमध्ये डझनावारी खेडी आहेत, पोलिस्के नावाचं जुनं गाव आहे, जंगलाच्या मधोमध ‘दुगा’ नावाचं सोव्हिएत रडार आहे. शत्रूची क्षेपणास्त्रं क्षितिजापलीकडून ओळखायला बांधलेली ती सुमारे दीडशे मीटर उंच लोखंडी जाळीची भिंत आहे. पर्यटक पाळण्यापाशी फोटो काढून परतायचे. कामिशला ओढ आहे ती या आडवाटेच्या, नावं पुसत चाललेल्या खेड्यांची. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

पुस्तकाच्या नावाचा अर्थ काय?

पोलिसांनी पकडलं की ते तुमची नोंद करतात, कागद बनवतात, सही घेतात. या सोपस्काराला तिथल्या बोलीत जो शब्द आहे त्याला ‘लँड’ जोडून लेखकाने देशाचं नाव तयार केलं आहे: ‘ओफोर्मल्यांदिया’. मराठीत आणायचं तर ‘पंचनामापूर’ माझ्या मनात येतं, कारण ‘पंचनामा’ म्हटल्यावर जो हवालदार, जे टेबल आणि जो कंटाळा डोळ्यांपुढे येतो, तोच या नावात आहे. विनापरवाना घुसणाऱ्याला गस्त पकडते, ठाण्यावर नेते, दंड करते, झोनबाहेर सोडते. आणि तो परत येतो.

इंग्रजी आवृत्तीचं नाव ‘स्टॉकिंग द अ‍ॅटॉमिक सिटी’. विकायला ते ठीक असेल, पण मूळ नावातला ठाण्याचा वास त्यात राहिला नाही.

झोनमध्ये चोरून जाणाऱ्यांना ‘स्टॉकर’ का म्हणतात? कोणाचा पाठलाग करतात का?

नाही. हा शब्द साहित्यातून आला आहे. १९७२ साली स्त्रुगात्स्की बंधूंची एक रशियन विज्ञानकादंबरी आली. तिच्यात बंदी घातलेल्या एका गूढ ‘झोन’मध्ये चोरून जाणाऱ्यांना लेखकांनी हे नाव दिलं. १९७९ मध्ये तार्कोव्हस्कीने त्यावर चित्रपट केला. त्यानंतर सात वर्षांनी खरोखरचा झोन तयार झाला आणि लोकांच्या तोंडी शब्द तयारच होता. २००७ मध्ये कीव्हच्याच एका कंपनीने या नावाचा संगणकीय खेळ काढला आणि एका पिढीची पोरं खेळातला झोन खरा बघायला निघाली.

‘झोन’ या शब्दालाही तिथे आणखी एक छटा आहे. रशियन बोलीत ‘झोना’ म्हणजे तुरुंगाची छावणी. आपण ‘आत जाऊन आला’ म्हणतो ना, तसं काहीसं.

परवान्याशिवाय आत जातात तरी कसे?

इथे मी मार्ग सांगणार नाही, पण हा अनुभव कसा असतो ते सांगते, कारण पुस्तकाचा मोठा भाग तोच आहे.

कुंपणाची तार गंजलेली, जागोजागी वाकलेली. हद्दीपासून प्रिप्यातपर्यंत तीसहून जास्त किलोमीटर, आणि ते बहुतेक रात्री कापायचे. टॉर्च लावायचा नाही. दूरवर गाडीचे दिवे दिसले की रस्ता सोडून गवतात पालथं पडायचं आणि इंजिनाचा आवाज विरेपर्यंत श्वास धरून राहायचं. सॅकमध्ये डबाबंद खाणं, झोपायची पिशवी, व्होडका. पाणी संपलं की ओढ्याचं, प्रसंगी दलदलीचं. पाय सोलवटतात, खांदे बधिर होतात. हिवाळ्यात ओले बूट रात्रीत लाकडासारखे कडक होतात.

वाटेत एखादं खेडं लागतं. लाकडी घराचं छप्पर आत कोसळलेलं, भिंती झुकलेल्या, पण विटांची मोठी चूल मधोमध तशीच उभी. या भागातल्या घरांत चुलीभोवतीच संसार असायचा. तिच्यावर म्हातारी माणसं झोपायची. घर गेलं तरी चूल शेवटपर्यंत तग धरते. पहाटेला शहर. सोळा मजली इमारतीच्या डोक्यावर सोव्हिएत राजचिन्ह अजून आहे. लिफ्ट अर्थातच नाही, जिना चढायचा. वर पोचून कोणाच्या तरी सोडून गेलेल्या बैठकीच्या खोलीत, सोललेल्या वॉलपेपरखाली झोपायचं.

कामिश यातलं काहीही गोड करून सांगत नाही. वास, घाण, भीती, कंटाळा हे सगळं येतं, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत धुक्यातली एखादी सकाळ अशी येते की पुस्तक मिटून थोडं बसून राहावंसं वाटतं.

किरणोत्साराचं काय? हा वेडेपणा नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर एका वाक्यात होत नाही.

पहिल्या आठवड्यांत सर्वांत जास्त छळलं ते आयोडीन-१३१ ने. ते आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे काही महिन्यांत संपलं. पण तोवर दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेलं होतं, आणि पुढे थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला जवळपास तेवढीच. म्हणजे आता ते निम्म्याहून कमी उरलं आहे. प्लुटोनियम-२३९ चा हिशोब वेगळा: २४ हजार वर्षं.

सगळा झोन सारखा तापलेला नाही. २०२२ आधी ठरलेल्या रस्त्याने अधिकृत सहल करून येणाऱ्याला दिवसभरात मिळणारी मात्रा साधारण काही तासांच्या विमानप्रवासाइतकी असायची. पण रस्ता सोडून दहा पावलं गेलात की मीटर वेगळंच बोलायला लागतो. शेवाळ किरणोत्सार धरून ठेवतं, अळिंबी शोषून घेते. भट्टीजवळच्या ‘लाल जंगला’तले पाइन १९८६ मध्ये जळल्यासारखे तांबडे पडले, ते पाडून जागीच पुरावे लागले. ती माती अजून धोक्याची आहे. अंगाबाहेरून लागणाऱ्या किरणांपेक्षा धूळ, पाणी आणि अन्नावाटे आत जाणारा कण वाईट, कारण तो शरीरात राहून काम करतो.

दलदलीचं पाणी पिणारा कामिश त्यामुळे खरोखरची किंमत मोजतो आहे. तो ती लपवत नाही, तिचं शौर्यही करत नाही. मला विचाराल तर कोणीही त्याचं अनुकरण करू नये. पण ज्याच्या बापाने ते सगळं अंगावर घेतलं, त्या मुलाला मी ‘वेडा’ म्हणणार नाही.

ही कादंबरी आहे की प्रवासवर्णन?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. निवेदक ‘मी’ आहे, ठिकाणं खरी आहेत, पण पात्रं आणि प्रसंग कादंबरीसारखे रचलेले, लयीत बांधलेले आहेत. सरळ कथानक शोधाल तर हाती लागणार नाही. तो जातो, परत येतो, पुन्हा जातो. वारी करणाऱ्याला कोणी ‘कथानक काय?’ विचारत नाही.

भाषा फार शिवराळ आहे असं ऐकलं. घरात ठेवावं का?

शिव्या आहेत, दारू भरपूर आहे, नासधूस करणारी माणसंही आहेत. शाळकरी मुलांच्या हाती मी देणार नाही. मधली काही पानं मलाही खटकतात. दारूच्या बढाया दोन वेळा वाचल्या की पुरे होतात, आणि तिथे लेखकाने हात आवरायला हवा होता. पण ती काढून टाकली तर झोन एक सुंदर, स्वच्छ स्मारक होऊन बसेल. तसा तो नाही.

आत खरोखर कोणी राहतं का?

राहतात. चोर्नोबिल गावात पाळीने कामावर येणारे कर्मचारी राहतात. उरलेल्या भट्ट्याही लगेच बंद झाल्या नव्हत्या, शेवटची डिसेंबर २००० मध्ये थांबली.

मग आहेत ‘समोसेली’, म्हणजे स्वतःच्या मर्जीने परत येऊन वसलेले. बहुतेक म्हाताऱ्या बायका. १९८६ नंतरच्या काळात हजारावर माणसं अशी जंगलातून चालत आपल्या घरी परतली. सरकारने हाकललं, त्या पुन्हा आल्या, शेवटी सरकार थकलं. आता फार थोड्या उरल्या आहेत.

तिसरे भंगारवाले. रेडिएटर, तारा, पाइप, जे निघेल ते रात्री काढून विकणारे. कामिशच्या लिखाणात ते सतत येतात. आणि प्राणी: लांडगे, लिंक्स, एल्क, शिवाय १९९० च्या दशकाअखेर मुद्दाम आणून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानटी घोडे. माणूस निघून गेल्यावर जंगलाने आपली जागा परत घेतली.

त्याने आणखी काय लिहिलं आहे?

२०१६ मध्ये ‘कीव्ह-८६’. राजधानीच ओस पडली असती तर, या कल्पनेवरची कादंबरी. २०१७ मध्ये ‘चोर्मेत’, म्हणजे लोखंडी भंगार. झोनमधल्या भंगारचोरांचं जग त्यात आहे. सुरुवात मात्र पहिल्या पुस्तकानेच करा.

बेलारूसची लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच हिचं चोर्नोबिलवरचं पुस्तक वाचलं आहे. मग हे कशाला?

तिने माणसांना बोलतं केलं: विधवा, सैनिक, आया. ते पुस्तक साक्षींचं आहे आणि ते वाचायलाच हवं. कामिश नंतरच्या पिढीचा आहे, त्याला साक्ष द्यायला स्फोटाची आठवणच नाही. त्याला वारसा म्हणून मिळाली ती रिकामी घरं. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा, आधी तिचं.

कुठल्या भाषेत मिळेल?

मूळ युक्रेनियन. फ्रेंच अनुवाद २०१६ चा, इटालियन २०१९ चा. हाना लेलिव्ह आणि रायली कॉस्टिगन-ह्यूम्स यांचा इंग्रजी अनुवाद २०२२ मध्ये आला. मी तोच वाचला.

आता तिथे जाता येतं का?

नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा बेलारूसमधून उतरल्या त्या याच झोनमधून, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी अणुकेंद्र ताब्यात घेतलं. लाल जंगलाच्या मातीत त्यांनी खंदक खणले. मार्चअखेरीस त्या निघून गेल्या, मागे सुरुंग राहिले. ज्या पायवाटांनी कामिश चालला, त्यांवर आज पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याआधी २०२० च्या एप्रिलमध्ये मोठे वणवे लागून कितीतरी जुनी लाकडी घरं राख झाली होती. आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला एका ड्रोनने भट्टीवरच्या नव्या पोलादी कमानीला भोक पाडलं. २०१६ मध्ये रुळांवरून सरकवत आणून बसवलेली ती कमान १०८ मीटर उंच आहे, जुन्या काँक्रीटच्या आवरणासकट सगळी भट्टी तिने पोटात घेतली आहे.

म्हणून हे पुस्तक आता वेगळं वाचलं जातं. लिहिलं तेव्हा ते ओसाड गावांचं वर्णन होतं. आज त्यातली काही घरं फक्त त्या पानांवर उभी आहेत.

तिथून उठवलेली माणसं कधी परत जात असत का?

वर्षातून एकदा. ईस्टरनंतरच्या दिवसांत पितरांना भेटायची तिकडे रीत आहे, आणि त्या दिवसांत युद्धाआधी झोनच्या चौक्यांवर मूळ रहिवाशांना आत सोडत. गाड्या भरून माणसं यायची, नातवंडांनाही घेऊन. गावात घराचा पत्ता नसायचा, पण स्मशानभूमी झाडून-लोटून नीट केलेली असायची. थडग्यापाशी चादर पसरून घरून आणलेलं खाणं मांडायचं, एक घास गेलेल्यांसाठी ठेवायचा. पोलेस्सिया या जंगल-दलदलीच्या प्रदेशातल्या या भागात कबरीवरच्या क्रुसाला भरतकाम केलेला पांढरा टॉवेल बांधतात, लाल दोऱ्याने फुलं काढलेला. जुना काढून नवा बांधायचा, गाठ घट्ट आहे ना बघायचं, आणि अंधार व्हायच्या आत चौकीबाहेर पडायचं.